वकीलबाईंची वेबसाइट

कुठलंही काम संपलं की आमच्या धंद्यात दोन गोष्टी मागे उरतात, फायली आणि किस्से. फायली वर्षभरानं डिलीट करता येतात. किस्से कुठे टाकायचे? एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागून तीन येतात, आणि समोरच्याचा चहा गार होतो! पंधरा वर्षं झाली मला पनवेलमध्ये वेबसाइटी बनवताना. डेंटिस्टच्या बनवल्या, सीएंच्या बनवल्या, आर्किटेक्टच्या, कंटेनरवाल्यांच्या. पण एकाच कामातून इतके किस्से निघाले असं एकदाच झालं. घरतबाईंच्या वेळी.

घरतबाई वकील आहेत. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. वय पासष्टच्या पुढे, आवाज बारीक, पण मोठ्यानं बोलायची गरज त्यांना कधी पडली असेल असं वाटत नाही. कामं सगळी जमिनीची, वारसांची, मृत्युपत्रांची. त्यांची एक जुनी वेबसाइट होती. त्यावर न्यायदेवता, तराजू, हातोडा, सगळं होतं. तक्रार एकच होती. "वेबसाइट बघून मला आजवर एकाही माणसाचा फोन आलेला नाही."

म्हणून आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी मृणाल आणि माझा पार्टनर तेजस. तो डिझाइन करतो. मी लोकांशी बोलते आणि मजकूर लिहिते.

*

पहिल्या मीटिंगला आम्ही जय्यत तयारीनं गेलो. बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन! दुसऱ्याच स्लाइडवर 'तुमचा ग्राहक' असं लिहून आम्ही एक फोटो लावला होता. सूटबूट घातलेला तरुण, हातात लॅपटॉप, तोंडभर हसू. नेटवरून घेतलेला.

बाईंनी हात वर केला. "हा कोण?"

"हा म्हणजे मॅडम, तुमचा टिपिकल क्लायंट," तेजस म्हणाला.

"नामदेव!" बाईंनी बाहेर हाक मारली. नामदेवकाका त्यांचे क्लार्क, तीस वर्षं त्यांच्याकडे. उरणकडच्या एका गावचे. ते आत आले. "हा माणूस आपल्याकडे कधी आलाय?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनपाशी वाकून त्या तरुणाला नीट न्याहाळलं.

"नाय बाई. एवढा हसत कोन येतो आपल्याकडं?"

बाईंनी आमचा लॅपटॉप स्वतःच्या हातानं बंद केला. "आठवडाभर बाहेर बाकावर बसा. मग बोलू."

*

बसलो! दोघंही. आमच्या बाजूला कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेली माणसं, आणि समोरच्या टेबलाशी नामदेवकाका.

दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माणूस दारात यायच्या आधीच काका त्याची फाइल काढायला उठतात. मी विचारलं, "काका, आधी फोन करून येतात का सगळे?"

"छ्या. जिना ऐकतो ना."

"म्हणजे?"

"वाटणीवाले तिघं भाऊ असतील तर एकत्र येतात, पन जिना लांब लांब चढतात. विक्रीवाला भरभर येतो. आनि ज्याच्या घरी कोन गेलंय, तो मधल्या वळनावर थांबतो."

मला वाटलं, काका गंमत करताहेत. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सहा-सात पायऱ्या. मग शांतता. मी काकांकडे बघितलं. काका पाण्याचा ग्लास भरत होते. थोड्या वेळानं दारात एक माणूस आला. डोकं ताजं भादरलेलं.

काकांनी काही न विचारता त्याच्या हातात पाणी दिलं.

त्या दुपारी मी त्यांना जुनी वेबसाइट दाखवली. वरती मेनू होता. सिव्हिल, रेव्हेन्यू, कन्व्हेयन्सिंग, टेस्टामेंटरी. काकांनी तो सावकाश वाचला.

"मॅडम, इतक्या वर्षांत 'माझी टेस्टामेंटरी हाय' असं बोलत कोन आला नाय. मानूस 'बाप गेला' बोलत येतो."

घरी जाईपर्यंत वाट कशाला बघायची? मी बाकावर बसूनच नवा मेनू लिहिला. 'घरातलं कोणी गेलं आहे.' 'जमीन अजून नावावर नाही.' 'भावा-बहिणींत वाटणी करायची आहे.' 'परदेशातून सही द्यायची आहे.' बाईंनी तो वाचला आणि पेन्सिलनं एक वेलांटी सुधारली. बस्स.

*

तेजसचा जीव होता तो त्याच्या स्लायडरवर. मुखपृष्ठावर चार मोठे फोटो, एक सरकून दुसरा येणार, दुसरा विरघळून तिसरा. तीन दिवस खपून केलेलं काम.

बाई बघत राहिल्या. "हे का हलतंय?"

"लक्ष वेधून घ्यायला, मॅडम."

"हं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून असा हलायला लागला ना, की न्यायाधीशांचं लक्ष वेधलं जातं. त्यांना वाटतं, हा खोटं बोलतोय."

तेजसनं तिथल्या तिथे स्लायडर काढला. त्यानंतर आजतागायत आमच्या एकाही वेबसाइटवर काही हललेलं नाही!

*

वकिलांना जाहिरात करायला बंदी असते. त्यामुळे त्यांच्या वेबसाइटवर शिरताना आधी एक सूचना येते. ही जाहिरात नाही, तुम्ही आपणहून इथे आला आहात वगैरे. खाली दोन बटणं असतात. हिरव्यावर 'मान्य आहे', लाल बटणावर 'मान्य नाही'. आपण सगळे ते हिरवं बटण न बघता दाबतो.

आमचा कच्चा नमुना तयार झाल्यावर बाईंच्या परवानगीनं आम्ही बाकावरच्या माणसांच्याच हातात मोबाइल द्यायला लागलो. पहिल्या आल्या हिरूबाई. सत्तरीच्या, खाडीकाठच्या गावच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. ओळीखाली बोट धरून वाचायच्या.

सूचना अकरा ओळींची होती. हिरूबाईंनी अकराच्या अकरा ओळी बोट फिरवून वाचल्या. सहा-सात मिनिटं गेली. मग त्यांनी लाल बटण दाबलं. वेबसाइट बंद!

"आजी, हिरवं दाबायचं," तेजस म्हणाला.

"का?"

"म्हणजे पुढे जाता येईल."

"पन यात काय लिवलंय ते मला समजलंच नाय. मंग मान्य हाय असा कसा बोलू?"

"अहो, सगळे तसंच दाबतात."

हिरूबाईंनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "माझ्या सासऱ्यानं पन तसाच अंगठा दाबलेला. म्हनून तर मी इथं आले."

दाराशी बाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. आत गेल्या, आणि अर्ध्या तासानं एक कागद घेऊन बाहेर आल्या. अकरा ओळींच्या तीन झाल्या होत्या. साध्या मराठीत. त्या ओळी त्यांनी आम्हाला दाखवल्या नाहीत. सरळ हिरूबाईंपुढे धरल्या.

हिरूबाईंनी बोट ठेवून वाचलं. मग मान हलवली.

"हां. हा मान्य हाय."

*

बाईंचे बरेच अशील आखातात असतात. इथल्या कामासाठी घरच्या कोणाला तरी सहीचा अधिकार द्यायचा, तो कागद कसा करायचा, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. म्हणून आम्ही इकबालभाईंना गाठलं. पनवेलचेच, कुवेतला एका वर्कशॉपमध्ये फोरमन. शुक्रवारी त्यांची सुट्टी. त्यांनी व्हिडिओ कॉलवर साइट उघडली आणि आम्ही इकडून ऐकत बसलो.

"माशाअल्ला, दिसायला फार छान आहे," ते म्हणाले. "एक विचारू? इथे लिहिलंय, ऑफिसची वेळ दहा ते सहा. कोणाच्या घड्याळात?"

पंधरा वर्षं मी 'वेळ दहा ते सहा' असं लिहीत आलेय! कोणाच्या घड्याळात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"तुमचे दहा वाजतात तेव्हा आमचे साडेसात," इकबालभाई सांगत होते. "आणि तुमची सुट्टी इतवारी, तेव्हा आम्ही कामावर. घड्याळ लावून फोन करावा, तर तिकडे कुलूप!"

मी भराभर लिहून घेत होते. मग ते पुढचं पान वाचायला लागले, चांगल्या खड्या आवाजात. मला वाटलं, आमच्यासाठी वाचताहेत.

"इकबालभाई, मनात वाचलंत तरी चालेल."

"तुमच्यासाठी नाही वाचत, मॅडम. थांबा." त्यांनी फोन फिरवला. खोलीत तीन दुमजली पलंग होते, त्यांच्यावर आणि खाली सतरंजीवर मिळून सात माणसं बसली होती. सगळे कान देऊन. "हे सगळे आपल्याकडचेच. कोणी उरणचा, कोणी पनवेलचा. सगळ्यांच्या घरी जमिनीचं काही ना काही आहेच. मी वाचतो, हे ऐकतात."

तेजसच्या वहीत लिहिलेलं होतं, 'आजचे युझर: एक'. त्यानं ते खोडून 'आठ' केलं.

"तुम्हाला काही बदल सुचवायचाय का?" मी विचारलं.

इकबालभाई जरा लाजले. "वाक्यं थोडी लहान करा, मॅडम. मला दम पुरत नाही."

तेव्हापासून मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचते. दम लागला की तोडते.

*

मध्यंतरी तेजसला चॅटबॉटचं वेड लागलं. कोपऱ्यात एक चौकोन, त्यात लिहिलं की मशीन लगेच उत्तर देणार. नामदेवकाका दोन दिवस तो चौकोन लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, मंग मी काय करायचं?"

मी त्यांचा प्रश्न बाईंच्या कानावर घातला.

बाईंनी तो बॉट स्वतः तपासायला घेतला. एका बोटानं टाइप केलं, 'माझे यजमान वारले.' त्यांचे यजमान आदल्या वर्षीच गेले होते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

उत्तर क्षणात आलं. 'धन्यवाद! आपल्याला मदत करताना आम्हाला आनंद होत आहे!' पुढे एक हसरा चेहरा.

बाईंनी त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"याला आनंद झालाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "काढा."

*

विद्याधरसर म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून डोळ्यांना दिसत नाही. मृत्युपत्र करायला बाईंकडे आले होते. त्यांच्या मोबाइलमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारी सोय असते, ती आम्हाला पुस्तकात माहीत होती. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितली. मोबाइल इतक्या वेगानं बोलत होता की आम्हाला मिक्सर चालू आहे असं वाटलं! सर मात्र मान तिरकी करून मजेत ऐकत होते.

एकदम हसले. "बाईंचं नाव 'आयएमजी चार शून्य दोन दोन' आहे, हे मला नव्हतं माहीत!"

तेजसचा चेहरा पडला. बाईंच्या फोटोला त्यानं नावच दिलं नव्हतं. कॅमेऱ्यानं दिलेला नंबर तसाच राहिला होता, आणि मोबाइल बिचारा तोच वाचत होता.

"होतं असं," सर म्हणाले. "मागे एका हॉटेलच्या मेनूत मी 'स्क्रीनशॉट सात'ची ऑर्डर देणार होतो."

मग ते संपर्काच्या पानावर गेले. मोबाइलनं फोन नंबर वाचला. सरांनी बोट थांबवलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा.

"एक आकडा कमी आहे."

"नाही हो सर," मी म्हटलं. "जुन्या साइटवरूनच जसाच्या तसा घेतलाय."

"मोजा."

मी मोजले. तेजसनं मोजले. नामदेवकाकांनी येऊन बोटांवर मोजले. नऊ! जुनी साइट उघडली. तिथेही नऊ. आम्ही चौघं डोळस माणसं तीन महिने त्या नंबराकडे बघत होतो.

बाईंना आतून बोलावलं. त्यांनी चष्मा लावून स्वतः मोजले, आणि खुर्चीवर बसून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"आणि मी इतकी वर्षं म्हणत होते की लोकांना माझी गरज नाही!"

*

तळोज्याहून बबनराव आले होते. केमिकलच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काम, सकाळची पाळी संपवून आलेले. मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी बटणावर बोट टेकवलं. काही नाही. पुन्हा टेकवलं. काही नाही.

"हँग झाला वाटतं," तेजस पुढे झाला.

"फोन चांगला आहे, साहेब. बोटच असं आहे." त्यांनी हात पुढे केला. बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत, घासलेल्या नाण्यासारखी. "आधारच्या मशीनला पण माझे ठसे मिळत नाहीत. ते म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा."

"मग मोबाइल कसा वापरता?"

बबनरावांनी बोट दुमडलं आणि पेरानं काचेवर ठोकलं. टक. टक. बटण दबलं, पान उघडलं.

"दार वाजवतो तसं," ते म्हणाले. "कोणीतरी उघडतंच."

दुसऱ्या दिवशी तेजसनं वेबसाइटवरची सगळी बटणं दुप्पट मोठी केली. मला विचारलंही नाही.

*

वेबसाइट सुरू झाली. पुढच्याच आठवड्यात फोन यायला लागले, नामदेवकाका एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं फाइल सांभाळायला लागले. चार-साडेचार महिने गेले असतील. एक दिवस सकाळी बाईंचा फोन.

"मृणाल, हातातलं ठेव आणि ये. तेजसला पण आण."

आवाज ऐकून वाटलं, साइट बंद पडली. तेजस रस्ताभर मोबाइलवर उघडून बघत होता. चालू होती!

आत गेलो तर बाईंच्या समोर पस्तीस-छत्तीसची एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"ही सुगंधा," बाई म्हणाल्या. "आपट्याहून आलीय."

सुगंधाचा नवरा न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालवायचा. सहा महिन्यांपूर्वी आजारानं गेला. नदीच्या अंगाला त्याच्या नावावर थोडी जमीन होती. तिच्या सातबाऱ्यावर आता सुगंधाचं आणि दोन मुलींचं नाव लागायला हवं होतं. दीर म्हणत होता, "मी बघतो सगळं, तू फक्त सही कर." सुगंधानं सही केली नाही. ती कोणाकडे गेलीही नाही. तिनं मोबाइलवर आमची साइट शोधली आणि 'घरातलं कोणी गेलं आहे' हे पान उघडलं. तिथे कोणते कागद लागतात याची यादी होती. मृत्यूचा दाखला, सातबारा, वारसांचं प्रतिज्ञापत्र, असे नऊ कागद. ती यादी बाईंना विचारून मीच लिहिली होती आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता.

छापून घ्यायची सोय नव्हती. म्हणून सुगंधानं ती यादी मुलीच्या शाळेच्या वहीत उतरून काढली, आणि एकेक कागद स्वतः गोळा केला. चार महिने लागले.

बाईंनी आमच्यासमोर नऊच्या नऊ कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले.

"सुगंधा, माझं इथे काही कामच नाही. सगळं बरोबर आहे. तलाठ्याकडे अर्ज दे. नोटीस निघेल, पंधरा दिवस जातील. तेवढ्यात दिरानं हरकत घेतली, तर ये. मी उभी राहते."

"दीर काय नाय बोलनार," सुगंधा म्हणाली. "प्रतिज्ञापत्रावर साक्षीदार तेच हायेत."

बाईंनी कागद वर धरला. खरंच! साक्षीदार म्हणून दिराची सही.

"हे कसं जमवलंस?"

"त्यांना बोलले, घरातला मोठा मानूस तुमीच. तुमाला सोडून साक्षीला मी बाहेरचा कोन आनू?"

तेजसनं माझ्याकडे बघितलं. आमच्या यादीत फक्त 'दोन साक्षीदार' एवढंच होतं.

तिचं आणि मुलींचं नाव पुढे सातबाऱ्यावर लागलं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण बाईंनी आम्हाला बोलावलं होतं ते यासाठी नाही. त्यांनी टेबलावरची वही आमच्याकडे सरकवली.

"वाचा."

आमचीच यादी होती. पण प्रत्येक ओळीखाली तिनं स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं. आम्ही लिहिलं होतं, 'मृत्यूचा दाखला'. त्याखाली तिच्या अक्षरात होतं, 'पाच प्रती घ्याव्या. प्रत्येक जण एक ठेवून घेतो.' आम्ही लिहिलं होतं, 'सातबारा उतारा'. त्याखाली, 'घरी आणून सगळी नावे मोठ्याने वाचावी. आमच्यात एक अक्षर चुकले होते.' आम्ही लिहिलं होतं, 'ओळखपत्र'. त्याखाली, 'मुलींना नेऊ नये. तिथे वडिलांबद्दल सारखे विचारतात.' आणि प्रतिज्ञापत्राच्या खाली, 'रांग मोठी असते. पाण्याची बाटली न्यावी. रडू आले तरी रांग सोडू नये.'

"हे आपण लिहायला हवं होतं," तेजस पुटपुटला.

आमची यादी नवव्या नंबरावर संपली होती. मी पान उलटलं. तिच्या वहीत दहावा नंबर होता.

'१०. सही. हात सवयीने सौ. लिहितो. मग कागद फुकट जातो. आधी घरी लिहून बघावे.'

खाली सह्या होत्या. एकीखाली एक. पहिल्या सहा ओळींत 'सौ.' लिहून खोडलेलं. सातव्या ओळीत नुसता 'सु', पुढे ओळ कोरी. आठव्या ओळीत पूर्ण नाव.

मी वही बाईंपुढे ठेवली.

"वही परत मिळंल ना?" सुगंधानं विचारलं. "पुढच्या पानावर पोरीची गनितं हायेत."

"मिळेल," बाई म्हणाल्या. "हे दहावं आम्ही वेबसाइटवर घेतलं तर चालेल?"

सुगंधानं जरा विचार केला. "चालंल. माझं नाव नका टाकू."

बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळल्या.

"मृणाल, लिहून घे."

"हो बाई. नवव्याच्या खाली टाकते."

"खाली नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यात वर."